खुराडं, सुटं करून

ही गोष्ट मी तुकड्यातुकड्यांनी सांगणार आहे. प्रत्येक तुकडा वेगळा उचलून उन्हात ठेवता यावा, असा. का, ते पुढे कळेल. काहीही मोडायचं तर वरून मोडावं, असं आमचे हे म्हणतात. ह्यांनी जन्मभर जोडण्याचं काम केलं, पण मोडण्यातलंही त्यांना कळतं. म्हणून आधी छप्पर.

छप्पर

दोन्ही बाजूंना उतरतं. वर लाकडातच कोरलेली कौलं, एकावर एक, आणि टोकाला कमळाची मिटलेली कळी. कोंबड्यांच्या खुराड्याला!

आमचे हे फर्निचरचे सुतार. हाताखाली शिकलेली माणसं त्यांना मिस्त्री म्हणतात. ती माणसं आता आपापल्या जागी मिस्त्री झाली आहेत, तरी ह्यांच्यासमोर एकमेकांना त्या नावाने हाक मारायची कुणाची छाती होत नाही. मग ह्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी कप बशीत वाजायचा, नंतर हातातली कोरायची पटाशी लाकडावर वाजायला लागली. एक दिवस ह्यांनी कारखान्याची किल्ली सगळ्यांत जुन्या शिष्याच्या, लांबूच्या, हातात ठेवली आणि घरी येऊन बसले.

सुतार घरी बसला की काय होतं? घरातली सगळी दारं कुरकुरायची थांबतात आणि तो स्वतः कुरकुरायला लागतो.

"अहो," मी म्हटलं, "माझ्या कोंबड्यांना एक खुराडं तरी करून द्या. साधी पेटी चालेल."

साधी! कुणाला सांगत होते मी!

झालर

हात थांबेपर्यंत हे थांबायचे. मग एक टवका काढायचे. मग पुन्हा थांबायचे. असं करत करत ह्यांनी पुढच्या बाजूला वेलाची झालर कोरली. पानाच्या मागे पान, पानाच्या देठाशी कळी. भिंती दुहेरी केल्या, आत थंडी लागू नये म्हणून. कडेने कंगोरे काढले, कंगोऱ्याच्या आत आणखी एक कंगोरा. अंडी काढायला मागून ड्रॉवर, ड्रेसिंग टेबलाला असतात तसे, बोटाने ढकलले की सरकणारे. वरून पॉलिश.

मी रोज चहा घेऊन जायचे. पाठमोऱ्या ह्यांच्याकडे बघून मला वाटायचं, हा माणूस आपल्या हाताशी भांडतोय आणि जिंकतोय. कुणाच्या बायकोला रोज चहाच्या वेळी असलं काही बघायला मिळतं?

ह्यांची धाकटी बहीण, आमच्या वन्सं, पलीकडच्या गल्लीत राहतात. त्यांनी खुराडं पाहिलं आणि कमरेवर हात ठेवले.

"वहिनी, तुझ्या लग्नातल्या कपाटालासुद्धा दादाने एवढी झालर लावली नाही हो!"

"कपाट अंडी देत नाही, वन्सं."

काम पुरं झालं त्या दिवशी ह्यांनी हत्यारं तेल लावून पेटीत ठेवली. म्हणाले, "हे माझं शेवटचं." आवाजात रड नव्हती. उलट, ताट स्वच्छ करून उठलेल्या माणसासारखा चेहरा होता. लांबूला हे कळलं तेव्हा त्याने सगळ्या शिष्यांना गोळा करून एक रविवार ठरवला. मिस्त्रींचं शेवटचं काम बघायला सगळे येणार होते.

साल

हा तुकडा खुराड्याचा नाही, पण ह्याच्याशिवाय बाकीचे उभे राहणार नाहीत.

ह्यांच्या कारखान्यात एक रीत होती. रंधा मारला की लाकडाची पातळ साल निघते, कांद्याच्या पापुद्र्यासारखी, उजेडात धरली तर पलीकडचं दिसेल अशी. शिकाऊ माणसाने सांधा जोडला की हे तशी एक साल उचलायचे आणि सांध्यावर टेकवून आत सारायचे. साल आत गेली नाही, तर सांधा पास. गेली, तर हे काही बोलायचे नाहीत. साल तशीच त्या फटीत अडकवून ठेवायचे आणि पुढे जायचे. दिवसभर ती तिथे हलत राहायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. लांबू म्हणतो, त्यापेक्षा दोन थोबाडीत दिलेल्या परवडल्या असत्या.

दांडा

खुराडं अंगणात उभं राहिलं आणि कोंबड्या राणीसारख्या राहायला लागल्या. ठेंगणी, काळी, शहाणी आणि मंडळी. शहाणी लगेच खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसली.

तेवढ्यात वन्सं त्यांच्या जावेकडून एक कोंबडी घेऊन आल्या. पांढरीशुभ्र, मानेखाली फुललेली. "घ्या, तुमच्या राजवाड्याला नवरी आणली."

आता, नवी कोंबडी आणली की तिला काही आठवडे बाकीच्यांपासून लांब ठेवायचं असतं. पंखाखाली, शेपटीच्या मुळाशी पिसं फुंकून बघायचं असतं, काही चालतंय का. हे मला चांगलं माहीत आहे. पण नणंदेने काखेत घालून आणलेली नवरी, आणि मी तिची पिसं फुंकत बसू? तिला बाहेर टोपलीखाली झाकू? मी दार उघडलं आणि नवरी आत गेली.

पुढे हळूहळू कोंबड्या संध्याकाळी आत जाईनात. खुराड्याभोवती घुटमळायच्या, चढायच्या, उतरायच्या. हे म्हणाले, "पॉलिशचा वास असेल. जाईल." मग काळीचा तुरा फिका पडला. ठेंगणीने अंडी देणं सोडलं. अंड्यांच्या कवचावर लाल ठिपके दिसायला लागले, टाचणीच्या टोकाएवढे.

मी जुनी पांढरी उशीची खोळ घेतली, कोंबड्या बसतात त्या दांड्याखाली संध्याकाळी पसरली आणि उजाडताच उचलली. खोळीवर मिरपूड सांडल्यासारखं दिसत होतं. मी बघत राहिले आणि मिरपूड चालायला लागली. बोटाने दाबली तर लाल रेघ उठली.

लाल कीड. एखाददुसरी पिसांत अडकून येते, पण ती कोंबडीच्या अंगावर राहत नाही, त्यामुळे दिवसा कोंबडी बघून काही कळत नाही. दिवसा ती लाकडाच्या फटीत दडते आणि अंधार पडला की बाहेर येऊन रक्त पिते. कोंबडी जिथे झोपते तिथेच तिचा मुक्काम.

मी उकळतं पाणी ओतलं. दांड्याच्या टोकांना तेल चोपडलं. खालचा भुसा रोज बदलला. रुंद टोपात चाळलेली कोरडी माती आणि राख भरून कोंबड्यांना लोळायला दिली. त्या लोळल्या, पिसं झटकली, खूश झाल्या. आणि सकाळी खोळीवर पुन्हा मिरपूड. कारण पानाच्या मागे पान होतं, कंगोऱ्याच्या आत कंगोरा होता, आणि दुहेरी भिंतीच्या मधे काय चाललं होतं ते कुणालाच दिसत नव्हतं.

दार

(ह्या तुकड्यात फक्त बोलणं आहे. दारातच झालं, म्हणून दार.)

"अहो, खुराड्याला चुना फासायचा म्हणते. फटी बुजतील."

"पॉलिशवर चुना?"

"कीड आहे आत."

"आत म्हणजे कुठे?"

"फटींत."

"फटी? माझ्या कामात?"

"वहिनी, अगं, रविवारी माणसं यायचीत. सोमवारी काय तो चुना-बिना फास."

"सोमवारपर्यंत शहाणी टिकायची नाही, वन्सं. अंड्यांवरून उठत नाही ती, म्हणून सगळ्यांत जास्त तिलाच पितात."

"एक कोंबडी गं!"

"तुमची नवरी पांढरी आहे म्हणून कळत नाही, पण तीही फिकी पडलीय."

"म्हणजे माझ्या कोंबडीमुळे झालं असं म्हणायचंय का तुला?"

"मी दार उघडलं म्हणून झालं, वन्सं. आता तेच उघडून साफ करू द्या."

"पुरे दोघींचं! माझ्या सांध्यात फट निघाली तर मी मिशी उतरवीन."

"मिशी राहू द्या हो तोंडावर. माझी कोंबडी वाचवा."

खोका

शेवटी मी जे केलं ते असं.

ह्यांच्या हत्यारांच्या पेटीत, रंध्याच्या तोंडाशी, एक साल अडकून राहिली होती. ती मी अलगद काढली आणि ह्यांना अंगणात बोलावलं. शहाणी उबवायला बसली होती त्या अंड्यांच्या खोक्याच्या वर वेलाची झालर भिंतीला मिळत होती. त्या सांध्यावर मी साल टेकवली.

ह्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांच्या कामावर कधी साल लावली नव्हती. कुणीच लावली नव्हती.

मी सारली. साल आत गेली.

ह्यांचा दोष नव्हता तो, मी आजही सांगेन. ह्यांनी जोडला तेव्हा सांधा बंदच असणार. पण कपाट घरात असतं आणि खुराडं अंगणात. ऊन लागलं, मी धुतलं, पुन्हा ऊन लागलं, आणि लाकूड आकसलं. जन्मभर घरातलं सामान केलेल्या माणसाच्या हे ध्यानात कसं यावं?

मी साल बाहेर ओढली. तिच्यावर कीड चालत होती. एक नाही, दोन नाही. सालीची कड हलत होती.

ह्यांनी साल माझ्या हातातून घेतली. अंगठ्याने पुसली. अंगठा लाल झाला.

"कुणाचं रक्त हे?"

"शहाणीचं."

हे खाली बसले आणि खोक्यात डोकावले. शहाणीने एरवी बोट फोडलं असतं. तिने नुसती मान वळवली. तुरा पिठासारखा झाला होता. मी तिला उचललं तर हातात पिसंच आल्यासारखी हलकी, आणि पोटाखालची अंडी निम्मी कोमट.

घमेलं

हाताशी जे होतं ते मी घेतलं. आधी शहाणीच्या पिसांत राखमिश्रित माती चोळली आणि झटकली. मग पत्र्याचं घमेलं उकळत्या पाण्याने धुऊन पुसलं, आत धुतलेली खोळ अंथरून वर कोरडं गवत घातलं, अंडी पुसून त्यात ठेवली आणि घमेलं घराच्या पडवीत, आडोशाला. शहाणीने घमेल्याभोवती एक फेरी मारली. तिला जागा पसंत नव्हती. मग अंडी दिसली आणि ती चढून बसली, पिसं फुगवून, जणू हे सगळं तिनेच सुचवलं होतं.

सकाळी गवताखालची खोळ कोरी होती. तिच्या पुढच्या सकाळीही. शहाणी दाणे मागायला लागली. हात घातला तर टोचायला लागली. मी ते टोचलेलं बोट वन्संना नेऊन दाखवलं, अंगठी दाखवावी तसं.

हे घमेल्यासमोर स्टुलावर बसून राहिले. चहा निवला.

"काय बघताय एवढं?"

"ह्याला सांधा नाही," हे म्हणाले.

"घमेल्याला कसला सांधा?"

"तेच म्हणतोय. मी एवढं सगळं केलं आणि तिला घमेलं आवडलं." मग माझ्याकडे न बघता, "कीड काय म्हणते, सांग. तिला काय आवडतं, काय नाही. तू बघितलंयस. मी नाही."

ह्यांनी मला कामातलं कधी विचारलं नव्हतं. मीही मग पदर खोचून सांगितलं. तिला अंधार आवडतो. अंग चिकटून राहील एवढीच अरुंद जागा आवडते. खडबडीत लाकूड आवडतं. ऊन आवडत नाही, वारा आवडत नाही, ब्रश पोचेल अशी जागा तर मुळीच आवडत नाही.

"म्हणजे फट नको," हे म्हणाले. "नाहीतर मग एवढी मोठी हवी की आत ऊन शिरेल."

आणि उठून हत्यारांची पेटी उघडली.

फळ्या

शेवटच्या कामानंतरचं काम. ह्याला काय म्हणायचं ते आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं, म्हणून आम्ही काहीच म्हटलं नाही.

कोरायचं काहीच नव्हतं, त्यामुळे पटाशी फारशी लागलीच नाही. रंधा मात्र लागला, आणि रंधा जड असतो. दोन्ही हातांनी दाबून ढकलायचा असतो. त्या वजनाखाली ह्यांचा हात थरथरायचा थांबला. मी बघितलं. ह्यांनीही बघितलं. दोघांनीही तसं दाखवलं नाही.

"त्या टोकाला धर," हे म्हणाले. करवतीच्या दुसऱ्या टोकाला मी. "ओढू नकोस, नुसती परत दे. ती स्वतः चालते."

"माझ्यासारखीच आहे म्हणा."

"तुझ्याइतकी बोलत नाही."

एकेरी फळ्या, दोन्ही बाजूंनी रंधलेल्या, हात फिरवला तर घसरेल अशा. कुठे खिळा नाही, कुठे कायमचा सांधा नाही. कोपऱ्यात चार खांब, खांबांना बाहेरून आकडे, फळी वरून अडकवायची आणि वरूनच उचलायची. फळी आणि खांब यांच्यात मुद्दाम बोटभर जागा. छप्पर झाकणासारखं, दोघांनी उचललं की सुटणारं. दांडा गोल आणि गुळगुळीत, टोकांना तेलाच्या वाट्या, खोबणीत न ठोकता नुसता टेकवलेला. अंडी घालायला ड्रॉवर नाहीत, दोन घमेली. शहाणीच्या मताचा मान राखून.

खुराडं पूर्ण सुटं करून बघितलं, मग पुन्हा उभं केलं. छप्पर सोडून सगळं मी एकटीने. हे बाजूला उभे राहून चुका काढायला टपले होते, पण चुका होण्यासारखं त्यांनी काही ठेवलंच नव्हतं.

बाकीच्या कोंबड्यांना एकेक करून हातात घेतलं, पिसं फुंकली, माती चोळली. नवरीला सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत जास्त वेळ. वन्संनी तिचे पाय धरले होते. "बघ, बघ हो नीट," म्हणत होत्या, "माहेरची अब्रू आहे माझ्या."

"जावेकडची आहे ना ती?"

"मग तर अजून नीट बघ."

फट

रविवारी शिष्य आले. स्वच्छ कपडे, केस विंचरलेले, लांबू सगळ्यांच्या पुढे. आणि अंगणाच्या मधोमध, कडक उन्हात, राजवाडा उभा.

ह्यांनी आदल्या दिवशीच मला सांगून ठेवलं होतं, झाकू नकोस म्हणून. वन्सं घरातल्या खिडकीत पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या.

शिष्य भोवती फिरले. लांबूने कमळाच्या कळीला दुरूनच बोट दाखवलं आणि त्याचे डोळे भरले. मला वाईट वाटलं. इतकं सुंदर होतं ते.

"बघून झालं?" हे म्हणाले. "आता आतून बघा."

आणि ह्यांनी स्वतः पटाशी घेतली. थरथरत्या हाताने, सगळ्यांच्या देखत, झालर भिंतीपासून सोडवली. एकेक सांधा उघडला आणि प्रत्येकात रंध्याची एकेक साल सारून, बाहेर ओढून, समोर धरली. कारखान्यात करायचे तसंच. काही न बोलता. चालती कीड बघून एकजण मागे सरकला.

"मिस्त्री, अहो, तुमचा सांधा..." लांबू म्हणाला.

"माझाच. नीट बघून ठेव. तुझ्याकडे कुणी अंगणातलं काम घेऊन आलं, तर आधी विचार, आत कोण राहणार आहे. मी विचारलं नाही. सांगितलेलं ऐकलंही नाही." ह्यांनी मान माझ्याकडे वळवली. "ह्यांना विचारायचं होतं."

ह्यांना! मला अहो-जाहो! खिडकीत वन्संचा पदर तोंडावरून खाली आला.

दुहेरी भिंतीची लाकडं पिंपात जाळली. झालर तेवढी लांबूने मागून घेतली. उकळून, वाळवून कारखान्यात लावतो म्हणाला. हे माझ्याकडे बघून मिश्किल हसले. "तुझ्या कपाटाला लावायची का? वर्षानुवर्षं ऐकतोय."

"माझ्या कपाटात फटी नकोत," मी म्हटलं.

मग ह्यांनी सगळ्यांना घराच्या मागे नेलं. तिथे ते उभं होतं. चार खांब, गुळगुळीत फळ्या, ना पॉलिश ना पान. कोंबड्या आत-बाहेर करत होत्या. कोपऱ्यातल्या घमेल्यात शहाणी बसली होती आणि तिच्या पंखाखालून दोन पिवळी डोकी बाहेर आली होती, तिसरं अंडं टिचत होतं. शिष्यांना वाटलं असणार, मिस्त्रींचा हात गेला.

"लाव की साल," हे लांबूला म्हणाले.

लांबूने खाली पडलेली एक साल उचलली. सवयीने, भीतभीत, फळी आणि खांबाच्या मधे धरली. साल सरळ आत गेली. त्याने चटकन हात मागे घेतला, पाप झाल्यासारखा.

"गेली, मिस्त्री."

"पलीकडे जाऊन बघ."

लांबू वळसा घालून गेला. साल वाऱ्याने दुसऱ्या बाजूला बाहेर पडली होती, गवतावर. त्याने ती उचलून उन्हात धरली, उलटी केली, सुलटी केली. सगळ्यांनी माना उंचावल्या.

"कोरी आहे," लांबू म्हणाला. आणि मग एकदम मोठ्याने, गल्लीला ऐकू जाईल असं, "कोरी निघाली!"

मी पुढे झाले, छपराचं एक टोक धरलं. दुसरं टोक ह्यांनी. छप्पर उचलून खाली ठेवलं, मग फळी, मग फळी, मग दांडा. सगळं खुराडं बघता बघता उन्हात पसरलं, आणि कोंबड्या रिकाम्या खांबांच्या मधे तशाच दाणे टिपत राहिल्या.

"हे शेवटचं का, मिस्त्री?" मागून कुणीतरी विचारलं.

हे फळीवरून तळहात फिरवत होते. हात थरथरत होता, फळी नाही.

"शेवटचं कसलं?" हे म्हणाले. "पिल्लं मोठी होतील. त्यांना नको का?"